खुर्चीवरची माणसे आणि योगाभ्यास

आपले चौसाळा हे सोलापूर-धुळे हमरस्त्यावरचे गाव. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात, आणि शिकलेली मुले पुण्यास, हिंजवडीस, संगणकावर काम करावयास जातात. आज मला या दुसऱ्या मुलांविषयी बोलावयाचे आहे. त्यांच्या परिषदांत आणि मेळाव्यांत व्याख्यानांच्या जोडीने योगासनांचा एखादा तास ठेवण्याची रीत अलीकडे पडली आहे. ज्याच्या घरची माणसे पहाटे कोयता घेऊन फडात उतरतात, त्याला हे ऐकून हसू आले तर नवल नाही. सावलीत, पंख्याखाली बसून काम करणाराचे असे दुखते तरी काय, असे तो विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते.

योग ही मराठी माणसाला परकी गोष्ट नव्हती. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगमार्गाचे सविस्तर वर्णन आहे. परंतु ते वर्णन गावोगावी ऐकले गेले, तरी प्रत्यक्ष अभ्यास साधकांच्या लहानशा मंडळातच राहिला. संसारी माणसाने तो ऐकावा, करावयाचा तो बैराग्याने, अशी समजूत होती.

ही समजूत मोडावयास आरंभ झाला तो विसाव्या शतकात, आणि त्यात मुंबई-पुण्याकडचा वाटा मोठा आहे. १९१८ साली श्रीयोगेंद्र यांनी मुंबईस वर्सोवा येथे योग संस्था काढली. ती गृहस्थांसाठी होती. १९२४ साली स्वामी कुवलयानंद यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. यांचे मूळचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. संन्यस्त नाव घेण्यापूर्वी त्यांनी अमळनेरास शिक्षकाचे काम केले होते. आसनांचा व क्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासले आणि ते ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून मांडले. पुढे मुंबईत मरीन ड्राइव्हवरही त्यांचे केंद्र सुरू झाले. कचेऱ्या, पेढ्या आणि न्यायालये यांतून दिवसभर बसून काम करणारा वर्ग त्या शहरात वाढीस लागला होता, हे लक्षात घेतले पाहिजे. पुष्कळांना एकदम शिकविता यावे म्हणून कुवलयानंदांनी ‘यौगिक संघ व्यायाम’ या नावाने अभ्यासक्रमही रचला. आज सभागृहात शेदोनशे माणसे एका सुरात हात वर करतात, त्याचे मूळ अशा प्रयत्नांत सापडते.

तिसरे नाव बी. के. एस. अय्यंगार यांचे. हा कर्नाटकातला अठरा वर्षांचा मुलगा १९३७ साली डेक्कन जिमखान्यावर सहा महिन्यांसाठी शिकवावयास आला आणि पुण्याचाच झाला. १९५२ साली विख्यात व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन भारतात आले असता मुंबईस त्यांची व अय्यंगारांची भेट झाली. मेन्युहिन अतिशय थकलेले होते. पाच मिनिटेच देता येतील, असे ते म्हणाले. अय्यंगारांनी त्यांना उताणे निजवून विश्रांती घ्यावयास लावली. त्यांना गाढ झोप लागली, आणि ती भेट काही तास चालली. दोन वर्षांनी मेन्युहिन यांनी त्यांना एक घड्याळ भेट दिले. व्हायोलिनचा आपला सर्वोत्तम शिक्षक, असा त्यांचा गौरव त्या घड्याळावर कोरलेला होता.

या गोष्टीत आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. मेन्युहिन काही ओझी वाहत नव्हते. परंतु मान एका बाजूस कलवून, खांदा उचलून, बोटांनी तासन् तास बारीक हालचाल करणे हाही देहाचा कष्टच आहे. ऊस तोडणाराची पाठ वाकून वाकून जाते, तर संगणकावरच्या माणसाची न हलल्यामुळे आखडते. त्याची मान पुढे झुकते. मनगटातील अरुंद वाटेने जाणाऱ्या मज्जातंतूवर दाब येऊन बोटांना मुंग्या येतात. पडद्याकडे टक लावल्याने पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात.

या दुखण्यांवर योगाचा उपयोग होतो काय, हेही पाहिले गेले आहे. १९९८ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात मनगटाच्या या विकारासंबंधीचा प्रयोग प्रसिद्ध झाला. आसने अय्यंगार पद्धतीची होती. ४२ जणांपैकी ज्यांनी आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे अभ्यास केला, त्यांची पकड सुधारली आणि वेदना कमी झाल्या. २००६ साली बंगळूरच्या अभ्यासकांनी संगणकावर काम करणाऱ्या २९१ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज एक तास, आठवड्यातून पाच दिवस योग करणाऱ्यांच्या डोळ्यांचा त्रास साठ दिवसांत घटला, न करणाऱ्यांचा वाढला. पण त्याच अभ्यासातील दुसरा आकडा मला अधिक बोलका वाटतो. योगाच्या गटात आरंभी १४६ जण होते, शेवटी ६२ उरले. दुसऱ्या गटातही १४५ पैकी ५५ च राहिले. दोन्ही गट सारखेच गळाले, तेव्हा दोष आसनांच्या माथी मारता येत नाही. या धंद्यात दोन महिने एक नेम धरून राहणेच अवघड असावे, असे मला वाटते.

२०१५ पासून दरवर्षी २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन पाळला जातो. त्या दिवशी कचेऱ्यांतून चटया अंथरल्या जातात. त्यात गैर काहीच नाही. मेन्युहिन यांचा अभ्यासही पाच मिनिटांच्या बोलीवरच सुरू झाला होता. पण ते नंतर शिकत राहिले, म्हणून त्या पाच मिनिटांना मोल आले. मेळाव्यातला तास हा केवळ ओळखीचा तास आहे. दुसऱ्या दिवशी, कामाच्या धबडग्यात, त्या मुलाला अर्धा तास मोकळा मिळतो की नाही, यावर त्याचे फळ अवलंबून आहे. बारा तास राबवून घ्यावयाचे आणि वर्षातून एकदा शवासन घालावयाचे, हा योगाचा उपयोग नव्हे. ती जखमेवर बांधलेली चिंधी झाली.

आपली मुले सुटीत घरी येतील, तेव्हा त्यांना पगाराबरोबर एवढेही विचारावे, की बाबा, उठावयास, चालावयास, पाठ सरळ करावयास तुला वेळ देतात काय? हाच प्रश्न उसाच्या फडातून परतलेल्या माणसालाही विचारावयास हवा. त्याला तर तो अजून कोणी विचारीतच नाही.