पबजीमुळे मुलं हिंसक होतात का?

मार्च २०१९. हिंगोलीत रेल्वे रुळाजवळ पबजी खेळण्यात गुंग असलेल्या दोन तरुणांना हैदराबाद-अजमेर गाडीने उडवलं. वसमत पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद झाली. गेममध्ये बंदुका असल्या, तरी इथे नडलं ते मोबाइलमधून वर न उठलेलं डोकं.

बंदीची मागणी मात्र हिंसेच्या नावाने सुरू होती. त्याच जानेवारीत मुंबईतल्या ११ वर्षांच्या मुलाने उच्च न्यायालयात याचिका केली होती. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राने बंदी घातलीही. कारण दिलं देशाच्या आणि डेटाच्या सुरक्षेचं!

अमेरिकेत मोठा गोळीबार झाला की हाच वाद पेटतो. तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये सांगितलं, की अशा गेमचा ओरडणं, ढकलाढकली यांच्याशी थोडा संबंध दिसतो. गंभीर हिंसेशी तो जोडायला पुरेसा पुरावा नाही. जपानमधली मुलंही असे गेम खेळतात. तिथे खरी बंदूक मिळवणं महाकठीण आहे.