तंजावूरचे मोडी दफ्तर आणि कारकुनाची जबाबदारी

तंजावूरच्या मराठी राज्याचा कारभार सुमारे पावणेदोनशे वर्षे मोडी लिपीतल्या कागदांवर चालला. व्यंकोजीराजांनी 1676 च्या सुमारास येथे गादी स्थापन केली. 1855 मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले. या काळात रयत तमिळ बोलत होती, दरबारातले पंडित-कवी संस्कृत आणि तेलुगूतही लिहीत होते. हिशेब, हुकूम आणि याद्या मात्र मराठीत निघत. कोणता कागद कोणी पाहावा, त्यात फेरफार कोणी करावा आणि लांब बसलेल्या माणसाचे काम कसे तपासावे, हे आजच्या संगणकावरच्या कचेरीला पडणारे प्रश्न त्या दफ्तरालाही चुकले नव्हते.

कामाची सुरुवात गावात होई. गावचा हिशेबनीस, म्हणजे कणक्कुपिळ्ळै, लोखंडी लेखणीने ताडपत्रावर तमिळ अक्षरे कोरी. कचेरीतला मराठी कारकून बोरू शाईत बुडवून, हात फारसा न उचलता, कागदावर मोडी लिही. म्हणून तंजावूरच्या मोडीत पुण्याच्या कागदांत न सापडणारे शब्द भेटतात: चक्रम आणि पणम ही नाणी, धान्य मोजायचा कलम, जमीन मोजायची वेली. एक वेली म्हणजे सुमारे साडेसहा एकर. मराठी वाक्यात तमिळ माप बसवताना चूक झाली, तर ती सारावसुलीत उतरणार. शेतावर न गेलेल्या कारकुनाला गावच्या माणसाच्या ताडपत्रावर भरवसा ठेवावा लागे आणि ताडपत्र लिहिणाऱ्याला मोडी कागदात काय उतरले ते कळायला मार्ग नसे.

यावर मराठी दफ्तरपद्धतीत जुने उपाय होते. एकाने लिहिलेला कागद दुसऱ्याच्या हाताखालून जाई, तपासल्याची खूण म्हणून त्यावर ‘रुजू’ पडे आणि त्याची नोंद निराळी राही. पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपे तिथे मोर्तब उमटे, म्हणजे त्याखाली मागाहून एखादी ओळ घुसवता येत नसे. माणूस कितीही विश्वासू असला तरी कागद एकट्याच्या हाती सोडायचा नाही, हे या पद्धतीतले शहाणपण होते.

दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात, 1798 ते 1832 या वर्षांत, दफ्तराचे महत्त्व कमी न होता वाढले. 1799 च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांना किल्ला, सालिना एक लाख स्टार पॅगोडा आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा मिळायचा होता. वसूल दुसऱ्याने करायचा आणि हिस्सा आपण घ्यायचा, तर नीट ठेवलेल्या हिशेबावाचून आधार कसला? अन्नछत्रांची व्यवस्था जपण्यासाठीही कागदच कामी आला. 1801 मध्ये सरफोजींनी रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना छत्रांच्या कामाची तपशीलवार हकिकत लिहून पाठवली. वाटसरू, गरीब आणि आजारी यांची तिथे होणारी सोय हे त्या पत्रातले खरे बळ आहे.

जे सर्वांनी पाहावे असे वाटे, त्यासाठी मोडी नव्हती. 1803 मध्ये चिटणीस बाबूराव यांनी रचलेला भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर देवनागरीत कोरला गेला. 1805 मध्ये राजवाड्यात उभ्या राहिलेल्या छापखान्यातही देवनागरी मजकूर छापला गेला. 1820 ते 1822 या काशीयात्रेत राजांनी संस्कृत ग्रंथ विकत घेतले, नकलून घेतले आणि सरस्वती महाल या राजवाड्यातल्या ग्रंथालयात आणले. मोडी मात्र कचेरीच्या आतच राहिली.

हेच पुढे अडचणीचे ठरले. मद्रास इलाख्याच्या अनेक जिल्ह्यांत कंपनीने मराठी कारकून नेमले आणि वसुलाचे कागद मोडीत गेले. तंजावूरच्या मराठी घराण्यांतून कर्तबगार माणसे निघाली. कुंभकोणम येथे 1828 मध्ये जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तिन्ही संस्थानांचे दिवाण झाले. पण गुंटूर जिल्ह्यात याच मोडी हिशेबाच्या विद्येचा दुरुपयोग झाला. तिथे हुजूर कचेरीतल्या, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य कचेरीतल्या, मराठी कुटुंबांनी एकमेकांना सांभाळून घेतले, इंग्रज कलेक्टरला मोडी वाचता येत नव्हती आणि वसुलाचा पैसा वाटेतच जिरत गेला. कंपनीचे अधिकारी वॉल्टर इलियट यांनी 1845 पासून केलेल्या चौकशीत हा प्रकार उघडा पडला. मोडीला यात दोष देता येत नाही. तपासणारा आणि लिहिणारा एकाच घरातले असले की ‘रुजू’ला अर्थ उरत नाही, एवढे गुंटूरने दाखवले.

राज्य खालसा झाल्यावर कंपनीने राजवाड्याला मोहरा लावल्या. त्यावरचा शिवाजीराजांच्या राणी कामाक्षीबाईसाहेबांचा खटला 1859 मध्ये प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि राणी हरल्या. सरस्वती महाल 1918 मध्ये लोकांसाठी खुला झाला. मोडीचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, मात्र वाचणाऱ्यांची वाट पाहत राहिले. 1981 मध्ये स्थापन झालेल्या तंजावूरच्या तमिळ विद्यापीठाने या कागदांचे तमिळ भाषांतर छापले, तेव्हा ज्यांच्या शेतसाऱ्याचा हा हिशेब होता त्यांच्या वंशजांना तो प्रथमच स्वतःच्या भाषेत वाचता आला.

2014 मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. त्यामुळे अक्षरे संगणकावर टंकता येतात, कागदाचे छायाचित्र लांबच्या अभ्यासकाला पाठवता येते. मात्र तंजावूरची मोडी लावायला लपेटीचे वळण आणि संक्षेप ओळखणारा डोळा लागतो, शिवाय मराठीबरोबर तमिळही यावी लागते.