पाटसचा ऊस आणि मुंबईची खुर्ची

पुणे–सोलापूर रस्त्यावर पाटसला हंगामात उसाच्या बैलगाड्या भीमा साखर कारखान्याकडे वळतात. पश्चिम महाराष्ट्राचं राजकारण उभं राहिलं ते याच उसावर, आणि त्याचीच विदर्भ-मराठवाड्याला धास्ती होती.

म्हणून 28 सप्टेंबर 1953 रोजी या तिन्ही भागांच्या नेत्यांत नागपूर करार झाला. सरकारात आणि नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा, विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात, अशी त्यातली कलमं. मुख्यमंत्री कुठल्या भागाचा, हे मात्र कुणीच लिहून ठेवलं नाही; ते बहुधा दिल्लीत ठरायचं!

मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण 1962 मध्ये संरक्षणमंत्री झाले आणि विदर्भाचे मारोतराव कन्नमवार गादीवर आले. वर्षभरात ते गेले. मग पुसदचे वसंतराव नाईक तब्बल अकरा वर्षं टिकले. 1975 मध्ये मराठवाड्याचे शंकरराव चव्हाण.

पाटसशेजारच्या बारामतीचे शरद पवार 1978 मध्ये अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाले. खुर्ची फिरली, पण विदर्भ-मराठवाड्याची विकासाच्या अनुशेषाची तक्रार मिटली नाही. त्यासाठी घटनेच्या कलम 371(2) मधली विकास मंडळं 1994 मध्ये आली. त्यांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली.