करंट कुठे अडला? आऊटबोर्ड मोटरच्या ठिणगीचा इतिहास

समुद्रात होडीची मोटर बंद पडली की पहिला प्रश्न ठरलेला: तेल संपलं की करंट गेला? तेल टाकीत डोकावून बघता येतं. करंट दिसत नाही, आणि वारा होडीला बाहेर ढकलत असतो. म्हणून आज या करंटचाच इतिहास पाहू. तो ठाऊक असला की बिघाडाचा माग लवकर लागतो.

होडीच्या मागच्या फळीला अडकवायच्या मोटरचा प्रयोग डेट्रॉइटच्या कॅमेरॉन वॉटरमननं १९०५ मध्ये केला. धंदा नावारूपाला आणला तो मिलवॉकीच्या ओले एव्हिनरूडनं, १९०९ पासून. जन्मानं हा नॉर्वेचा. मोटर दीड अश्वशक्तीची, वजन ६२ पौंड. बायकोसाठी आइस्क्रीम आणताना वल्हवून दमला आणि मोटर सुचली, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. गोड आहे. मला मात्र बॅटरीची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

सुरुवातीच्या या मोटरींना ठिणगीसाठी बॅटरी लागे. उघड्या होडीत बॅटरी म्हणजे पाण्याशी रोजची गाठ. यातून सुटका केली मॅग्नेटोनं. बॉशच्या गॉटलोब होनोल्डनं १९०२ मध्ये मोटारगाड्यांसाठी उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला होता. आऊटबोर्डवाल्यांनी पुढे चुंबकं थेट फ्लायव्हीलमध्येच बसवली. दोरी ओढली, चुंबकं कॉइलजवळून फिरली, नेमक्या क्षणी पॉइंट उघडले, की प्लगला ठिणगी. बॅटरी नकोच.

आता बिघाड बघा. प्लग काढून त्याचा धातूचा भाग इंजिनाला नीट टेकवायचा आणि दोरी ओढायची. आसपास पेट्रोलची वाफ नको. निळी, कडक ठिणगी आली तर बहुधा दोष इंधनाकडे. बहुधा अशासाठी, की मोकळ्या हवेत उडणारी ठिणगी सिलिंडरच्या दाबाखाली दमू शकते. शिवाय फ्लायव्हीलची चावी कातरली गेली असेल, तर ठिणगी येते पण अवेळी.

ठिणगीच नसेल तर नवा प्लग लावून बघायचा, आणि लगेच बंद करायच्या बटणाची तार सोडवायची. इथं पुष्कळ जण फसतात. घरातलं बटण बंद केलं की वाट तुटते. मॅग्नेटोचं बटण उलट, ते करंटला अर्थची वाट दाखवतं. चुंबकं फिरताहेत तोवर वीज तयार होणारच, म्हणून ती इंजिनाच्या अंगात वळवून टाकायची. खाऱ्या पाण्यानं बटण आतून जोडलं गेलं, तर मोटर कायमची बंदच. तार सोडवल्यावर ठिणगी परतली, तर चोर सापडला. नाही परतली, तर पॉइंट घासून साफ करायचे, कंडेन्सर तपासायचा, मग कॉइल.

१९६० च्या दशकात सीडीआय येऊ लागलं. कपॅसिटरमध्ये साठवलेला भार एका झटक्यात कॉइलमध्ये सोडायचा. घासणारे पॉइंट गेले, ठिणगी जोरकस झाली. पण किनाऱ्यावर पत्र्याच्या शेडमध्ये बसून सँडपेपरनं होणारी दुरुस्तीही गेली. आता बंद काळा डबा. वायरी, बटण, फ्लायव्हीलखालच्या कॉइली मल्टिमीटरनं न मोजताच तो बदलायला लावणारे मिस्त्री मी पाहिलेत. डबा महाग, आणि बऱ्याचदा तो निर्दोष असतो.

आपल्याकडे १९८० च्या दशकात केरळच्या मच्छीमारांनी पारंपरिक होड्यांना आऊटबोर्ड लावल्या, आणि त्या चालवल्या रॉकेलवर. पेट्रोलवर सुरू करायची, गरम झाली की रॉकेलवर न्यायची. रॉकेल पेट्रोलइतकं सहज वाफ होत नाही. थंड इंजिनात प्लग ओला होतो, काळा पडतो, आणि ठिणगी काजळीतूनच निसटते. म्हणून तिथं किनाऱ्याला लागण्याआधी मोटर थोडा वेळ पुन्हा पेट्रोलवर चालवतात. आतलं रॉकेल जळून जातं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारात दोरी ओढणं सोपं जातं.