नावाचे दफ्तर कोणाकडे?

रायगडावर रोपवेने जाणारे पाहुणे हिरकणीवाडीतूनच वर चढतात. तान्ह्या बाळासाठी रात्री कडा उतरलेल्या गवळणीची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. वाडीला तिचे नाव, गडावरच्या बुरुजालाही तिचेच. हे नाव लोकांच्या तोंडी आहे म्हणून टिकले. त्यासाठी दरवर्षी कोणी पैसे भरत नाही. इंटरनेटवरचे नाव मात्र असे टिकत नाही. ते का, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहू.

सुरुवातीला अमेरिकेतल्या अर्पानेट या जाळ्यात मोजके संगणक होते. प्रत्येकाचा क्रमांक ठरलेला असे. कोणत्या नावाचा कोणता क्रमांक, याची एकच यादी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जाई. संगणक वाढले तशी ती पुरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी या दफ्तराची वाटणी सुचवली. त्यालाच डोमेन नेम सिस्टीम म्हणतात. महसूल खात्यात जिल्हा, तालुका, गाव अशी दफ्तरे असतात, तसेच हे. नावाच्या शेवटी '.इन' असेल, तर आधी '.इन'चे दफ्तर कुठे ते कळते आणि तिथून पुढचा पत्ता मिळतो.

'.इन' भारताला १९८९ मध्ये मिळाले. सामान्य माणसाला इंटरनेट मात्र विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ पासून दिले आणि '.इन'ची नोंदणी सर्वांना खुली व्हायला २००५ उजाडले. हे दफ्तर आज 'निक्सी' सांभाळते. २०१४ मध्ये देवनागरी '.भारत' आले, त्यात मराठीही होती. उर्दू लिपीतही 'भारत'ला जागा मिळाली. लिप्या दोन, उच्चार एकच! यंत्र मात्र दोन्ही नावे आतून रोमन अक्षरांच्या साखळीत बदलून घेते.

पण नाव म्हणजे घर नव्हे. वेबसाइटची पाने रात्रंदिवस चालू असलेल्या संगणकावर ठेवावी लागतात. जगातली पहिली वेबसाइट 'सर्न'मध्ये टिम बर्नर्स-ली यांच्या संगणकावर होती. कोणी तो चुकून बंद करू नये म्हणून त्यावर सूचनेची चिठ्ठी चिकटवलेली होती. आज अशी जागा भाड्याने मिळते. तिलाच होस्टिंग म्हणतात. घर बदलले तरी दफ्तरातला क्रमांक बदलून जुने नाव चालू ठेवता येते. नाव गेले, तर घर शाबूत असूनही पाहुण्याला वाट सापडत नाही.

दुसऱ्याच्या नावाखाली फुकट राहिलेल्यांचे काय होते, तेही पाहिले पाहिजे. याहूने २००९ मध्ये जिओसिटीज बंद केली, तेव्हा लोकांनी हौसेने मांडलेली असंख्य पाने गेली.

म्हणून शाळेची, मदरशाची किंवा गावच्या वाचनालयाची वेबसाइट करताना तीन गोष्टी पाहाव्यात. नावाची नोंद संस्थेच्याच नावे असावी, साइट करून देणाऱ्या मुलाच्या नव्हे. नूतनीकरणाची तारीख संस्थेच्या वहीत लिहिलेली असावी. आणि सगळ्या पानांची एक प्रत आपल्या कपाटात असावी. सातबाऱ्यावर नाव कोणाचे, हे आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. तेवढीच काळजी इथेही घ्यावी.