विकत घेतलेल्या तबकडीवरील सीमारेषा : डीव्हीडीच्या रीजन कोडचा इतिहास

प्रस्तावना :

मार्च २००९ मध्ये ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान गॉर्डन ब्राउन वॉशिंग्टनच्या भेटीवर गेले असता अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा यांनी त्यांना २५ अभिजात अमेरिकी चित्रपटांच्या डीव्हीडींचा संच भेट दिला. पंतप्रधान मायदेशी परतल्यानंतर या तबकड्या ब्रिटनमधील प्लेअरवर चालत नसल्याचे वृत्त तेथील वृत्तपत्रांनी दिले आणि काही दिवस तो थट्टेचा विषय झाला. परदेशातून नातेवाइकांनी आणलेली किंवा स्वतः पैसे मोजून मागविलेली तबकडी घरच्या प्लेअरमध्ये घातल्यावर पडद्यावर केवळ नकाराची सूचना दिसावी, हा अनुभव त्या दशकात असंख्य सामान्य प्रेक्षकांनी घेतला होता. राष्ट्रप्रमुखांच्या भेटीमुळे तो एवढाच की चव्हाट्यावर आला.

तबकडीत दोष नव्हता व यंत्रही बिघडलेले नव्हते. दोहोंमध्ये हेतुपुरस्सर एक सीमारेषा आखलेली होती. ही रेषा कोणी आखली, ती कोणत्या बळावर टिकली आणि निरनिराळ्या देशांच्या कायद्यांनी तिच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. रीजन कोड हा मूलतः खासगी करारांतून उभा राहिलेला निर्बंध होता. परंतु ग्राहकाच्या घरात तो कायद्यासारखा वावरला, असे या आढाव्यातून दिसून येते.

१. दोन भिन्न अडथळे :

परदेशी डीव्हीडी घरी न चालण्यामागे दोन स्वतंत्र कारणे असत व त्यांची नेहमीच गल्लत केली जात असे. पहिले कारण दूरचित्रवाणीच्या प्रमाणपद्धतीचे होते. अमेरिका व जपान येथे ५२५ रेषांची एनटीएससी पद्धत रूढ होती, तर भारत, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आदी देशांत ६२५ रेषांची पाल पद्धत होती. त्यामुळे डीव्हीडीवरील चित्राचा आकारही एके ठिकाणी ७२० × ४८० तर दुसरीकडे ७२० × ५७६ बिंदूंचा असे. हा भेद वीजपुरवठ्याच्या वारंवारतेशी आणि दूरचित्रवाणीच्या जडणघडणीशी निगडित होता. त्यात कोणाचा व्यापारी हेतू नव्हता. सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित झालेला चित्रपट पाल पद्धतीत २५ चौकटींनी दाखविला जाई. परिणामी १०० मिनिटांचा चित्रपट सुमारे ९६ मिनिटांतच संपत असे.

हा अडथळा सर्वांना सारखा नव्हता. पाल पद्धतीच्या देशांत विकले जाणारे बहुतेक प्लेअर एनटीएससी तबकडीही दाखवू शकत. अमेरिकेतील सर्वसाधारण प्लेअर मात्र पाल तबकडी स्वीकारत नसे. म्हणजेच अमेरिकेहून आलेली तबकडी भारतात पाहू इच्छिणाऱ्यासमोर बहुधा एकच अडथळा उरे, तर भारतातून किंवा युरोपातून तबकडी अमेरिकेत नेणाऱ्यासमोर दोन उभे राहत.

दुसरा अडथळा रीजन कोडचा होता आणि तो पूर्णतः मनुष्यनिर्मित होता.

२. सहा प्रदेश आणि त्यामागील व्यापारी हिशेब :

डीव्हीडी नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानच्या व मार्च १९९७ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आली. तत्पूर्वीच चित्रपटनिर्मिती करणाऱ्या मोठ्या अमेरिकी स्टुडिओंच्या आग्रहाने जगाची सहा विक्रीप्रदेशांत विभागणी करण्यात आली होती. पहिल्या प्रदेशात अमेरिका व कॅनडा. दुसऱ्यात पश्चिम युरोप, जपान, मध्यपूर्व व दक्षिण आफ्रिका. तिसऱ्यात आग्नेय आशिया, दक्षिण कोरिया, तैवान व हाँगकाँग. चौथ्यात ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व लॅटिन अमेरिका. पाचव्यात भारतीय उपखंड, रशिया व आफ्रिकेचा बहुतांश भाग. आणि सहाव्यात चीन, अशी ही रचना होती. सातवा क्रमांक राखीव होता. आठवा क्रमांक विमाने व जहाजांवरील प्रदर्शनासाठी ठेवण्यात आला.

भाषा, भूगोल किंवा दूरचित्रवाणीची पद्धत यांपैकी कोणत्याही एका निकषावर ही विभागणी बेतलेली दिसत नाही. जपान व ब्रिटन एका प्रदेशात असूनही त्यांच्या प्रमाणपद्धती भिन्न होत्या. दक्षिण आफ्रिका युरोपच्या गटात गेली, तर तिचे बहुतेक शेजारी देश भारताच्या गटात आले. पुण्यातील आणि मॉस्कोतील प्रेक्षकांना एकत्र बांधणारे भाषिक वा सांस्कृतिक सूत्रही सांगता येत नाही. बाजारपेठ म्हणून प्रत्येक भूभागाची पत काय, तेथे चित्रपट केव्हा पोहोचतो व काय किंमत मिळू शकते, याच हिशेबाने हा नकाशा उलगडतो.

या हिशेबाला त्या काळातील वितरणव्यवस्थेचा आधार होता. चित्रपटाच्या प्रती फिल्मवर काढणे खर्चाचे काम होते. म्हणून चित्रपट जगभर एकाच दिवशी प्रदर्शित होत नसत. 'जुरासिक पार्क' अमेरिकेत जून १९९३ मध्ये झळकला आणि भारतीय प्रेक्षकांपर्यंत तो १९९४ साली पोहोचला. अशा परिस्थितीत अमेरिकेतील चित्रपटगृहांतून उतरलेल्या चित्रपटाची डीव्हीडी अन्य देशांत प्रदर्शनापूर्वीच पोहोचली, तर तेथील वितरकाचे नुकसान होईल, ही स्टुडिओंची भीती अगदीच निराधार नव्हती. तथापि जुन्या अभिजात चित्रपटांच्या तबकड्यांवरही हेच संकेतांक घातले जात. पन्नास वर्षांपूर्वीच्या चित्रपटाला प्रदर्शनाच्या वेळापत्रकाचे संरक्षण कशासाठी, या प्रश्नाला किंमत व वितरणहक्क यांखेरीज अन्य उत्तर देता येत नाही.

३. करार, कुलूप आणि चोरवाट :

तांत्रिकदृष्ट्या रीजन कोड अत्यंत साधा होता. तबकडीवरील नियंत्रणविषयक माहितीत आठ प्रदेशांसाठी आठ खुणा असत व प्लेअर आपल्या प्रदेशाची खूण तपासून तबकडी स्वीकारी किंवा नाकारी. चित्रपट सांकेतिक स्वरूपात बंदिस्त करणारी सीएसएस ही प्रणाली याहून वेगळी होती. मात्र या दोहोंची सांगड परवान्याने घातली होती. सीएसएसची किल्ली मिळाल्याशिवाय व्यावसायिक डीव्हीडी चालविणारा प्लेअर बनविणे शक्य नव्हते आणि रीजन कोड पाळण्याचे बंधन स्वीकारल्याशिवाय किल्ली मिळत नव्हती. तबकडीवर संकेतांक घालणे प्रकाशकाच्या मर्जीवर होते. तो तपासणे प्लेअरच्या उत्पादकाला मात्र बंधनकारक होते. कोणत्याही विधिमंडळाने संमत न केलेला नियम याप्रकारे घरोघरी पोहोचला.

चोरवाटही याच साधेपणातून निघाली. उत्पादक सर्व देशांसाठी जवळजवळ एकच यंत्र बनवीत आणि प्रदेशाची निश्चिती कारखान्यात आज्ञावलीद्वारे करीत. ती बदलण्याची सोय अनेक यंत्रांत तशीच राहून जाई. रिमोटवरील विशिष्ट बटणे ठरावीक क्रमाने दाबली की लपविलेली यादी उघडत असे व प्रदेशाचा क्रमांक बदलता येई. २००० साली अमेरिकेत विकला गेलेला अ‍ॅपेक्स कंपनीचा एडी-६००ए हा प्लेअर अशाच गुप्त यादीमुळे गाजला. स्टुडिओंनी त्यावर उपाय योजले. काही तबकड्यांत 'सर्व प्रदेश' अशी नोंद असलेला प्लेअर ओळखून त्यास नकार देण्याची व्यवस्था करण्यात आली. संगणकातील डीव्हीडी ड्राइव्हच्या बाबतीत २००० सालापासून प्रदेश यंत्रातच नोंदविण्याची सक्ती झाली. वापरकर्त्यास तो केवळ पाच वेळा बदलता येई. त्यानंतर शेवटची निवड कायम होई.

सीएसएसचे कुलूपही फार काळ टिकले नाही. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये 'डीसीएसएस' ही आज्ञावली प्रसृत झाली. तिच्याशी संबंधित असलेला नॉर्वेचा जॉन जोहान्सेन त्यावेळी १५ वर्षांचा होता. त्याच्यावर खटला भरण्यात आला. परंतु जानेवारी २००३ मध्ये ऑस्लो येथील न्यायालयाने आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपील न्यायालयाने त्याला निर्दोष ठरविले. रीतसर विकत घेतलेल्या तबकडीतील चित्रपट पाहण्यासाठी तिचे कुलूप उघडणे हा गुन्हा होत नाही, असा या निर्णयाचा गाभा होता.

४. कायद्यांचे भिन्न मार्ग :

अमेरिकेने उलट भूमिका घेतली. तेथील १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याने तांत्रिक कुलूप तोडण्यास स्वतंत्र मनाई केली होती. त्या आधारे न्यूयॉर्कमधील संघराज्य न्यायालयाने २००० साली डीसीएसएसच्या प्रसारास प्रतिबंध केला आणि २००१ मध्ये अपिलातही तो कायम राहिला.

युरोपात हा प्रश्न स्पर्धेच्या अंगाने पुढे आला. युरोपीय आयोगाचे स्पर्धाविषयक आयुक्त मारिओ माँटी यांनी जून २००१ मधील भाषणात, अमेरिकेच्या तुलनेत युरोपीय ग्राहकांना डीव्हीडीसाठी द्याव्या लागणाऱ्या अधिक किमतीचा उल्लेख करून, या व्यवस्थेबाबत स्टुडिओंकडून माहिती मागविल्याचे सांगितले.

ऑस्ट्रेलियाचा प्रवास विशेष बोलका आहे. २००५ साली तेथील उच्चतम न्यायालयाने सोनी कंपनीच्या प्लेस्टेशनसंबंधी निकाल दिला. यंत्रातील प्रादेशिक अटकाव हा नक्कल रोखणारा उपाय नसल्याने त्यास कायद्याचे तत्कालीन संरक्षण मिळू शकत नाही, असे न्यायालयाने ठरविले. अमेरिकेशी झालेल्या मुक्त व्यापार करारामुळे तांत्रिक संरक्षणाची तरतूद पुढे कडक करावी लागली. पण २००६ च्या दुरुस्तीत बाजारपेठेची भौगोलिक विभागणी करणारे चित्रपट व संगणकीय खेळांवरील उपाय व्याख्येतूनच वगळण्यात आले. न्यूझीलंडनेही २००८ मध्ये तशीच दिशा स्वीकारली. कलाकृतीचे संरक्षण आणि बाजारपेठेचे संरक्षण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तत्त्व येथे कायद्याच्या भाषेत नोंदले गेले.

५. भारतीय संदर्भ :

भारतात रीजन कोडची धार प्रारंभापासून बोथट राहिली. डीव्हीडीपूर्वी आणि नंतर तिच्या बरोबरीनेही येथे व्हीसीडीचा मोठा प्रसार होता व व्हीसीडीला रीजन कोड नव्हता. बाजारातील स्वस्त प्लेअर अनेकदा मुळातच सर्व प्रदेशांसाठी खुले असत. दुसरे कारण भारतीय चित्रपटव्यवसायात होते. हिंदी चित्रपटांचा प्रेक्षक अमेरिका, ब्रिटन, आखाती देश अशा अनेक प्रदेशांत विखुरलेला होता. त्यामुळे या चित्रपटांच्या डीव्हीडी बहुधा कोणत्याही प्रदेशाचे बंधन न घालता आणि एनटीएससी पद्धतीत काढल्या जात. जी विभागणी हॉलिवूडला लाभदायक होती ती भारतीय प्रकाशकांना अडचणीची होती; त्यांनी ती सहजपणे टाळली. पुढे २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांत व डीव्हीडी ३४ रुपयांत विकण्यास सुरुवात केली तेव्हा अवैध प्रतींशी स्पर्धा करण्याचा मार्ग किंमत हाच मानला गेला.

परदेशी तबकडीविषयी भारतीय कायद्याची भूमिका मात्र बारकाईने पाहावी लागते. कॉपीराइट अधिनियम १९५७ च्या कलम ५१ नुसार आयात करणाऱ्याच्या खासगी व घरगुती वापरासाठी कोणत्याही कृतीची एक प्रत आणण्यास मुभा आहे. परदेशातून आणलेली तबकडी घरी पाहणारा प्रेक्षक त्यामुळे कायद्याच्या कक्षेतच राहतो. व्यवसायासाठी आणलेल्या तबकडीची गोष्ट वेगळी. वॉर्नर ब्रदर्सने दिल्लीतील एका व्हिडिओ ग्रंथालयाविरुद्ध दाखल केलेल्या दाव्यात एप्रिल २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निर्णय दिला. संबंधित डीव्हीडी अमेरिकेत रीतसर विकत घेतलेल्या, अस्सल होत्या. तरीही हक्कधारकाच्या परवानगीविना त्या भारतात आणून भाड्याने देणे हा हक्कभंग ठरविण्यात आला.

२०१२ च्या दुरुस्तीने दोन महत्त्वाचे बदल केले. नव्या कलम ६५-अ नुसार तांत्रिक संरक्षण निष्प्रभ करणे शिक्षापात्र झाले. पण त्यासाठी हक्कभंगाचा हेतू असणे आवश्यक ठरविण्यात आले आणि अधिनियमाने स्पष्टपणे निषिद्ध न केलेल्या प्रयोजनासाठी केलेली कृती त्यातून वगळली गेली. तसेच 'व्यावसायिक भाडे' या संज्ञेच्या व्याख्येतून ना-नफा ग्रंथालये व शैक्षणिक संस्थांनी कायदेशीररीत्या मिळविलेल्या प्रती ना-नफा तत्त्वावर देणे वगळण्यात आले. शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमांत विद्यार्थी, शिक्षक व पालक अशा मर्यादित प्रेक्षकांपुढे चित्रपट दाखविण्यास कलम ५२ मध्ये मुभा आहेच.

या तरतुदी महाविद्यालयांच्या दृष्टीने मोलाच्या आहेत. पण त्यांच्यासमवेत एक विसंगतीही पुढे येते. इंग्रजी, फ्रेंच किंवा चित्रपट-अभ्यासाच्या वर्गात जी तबकडी दाखविण्यास कायद्याची आडकाठी नाही, तीच तबकडी ग्रंथालयाच्या संगणकातील ड्राइव्ह नाकारू शकतो. कायद्याने दिलेली मुभा प्रत्यक्षात वापरता येईल की नाही, हे खरेदीच्या वेळी कोणता प्लेअर निवडला यावर अवलंबून राहते.

समारोप :

रीजन कोडचा पुढील प्रवास त्याच्या हळूहळू विरळ होत जाण्याचा आहे. २००६ मध्ये आलेल्या ब्लू-रेसाठी सहांऐवजी तीनच प्रदेश ठेवण्यात आले. भारत, चीन व रशिया तिसऱ्या गटात आले. २०१६ मध्ये आलेल्या अल्ट्रा एचडी ब्लू-रेवर असा संकेतांकच राहिला नाही. चित्रपट एकाच सुमारास जगभर प्रदर्शित होऊ लागल्याने मूळचे कारणही क्षीण झाले. सीमारेषा मात्र नाहीशी झाली नाही. ती इंटरनेटवरून चित्रपट पुरविणाऱ्या सेवांकडे सरकली. कोणत्या देशातून काय पाहता येईल हे आता परवाने व प्रेक्षकाचे स्थान यांवरून ठरते. तबकडीचा ग्राहक निदान 'ही वस्तू माझी आहे' असा युक्तिवाद करू शकत होता व नॉर्वेच्या न्यायालयाने तो मान्यही केला. मासिक वर्गणी भरणाऱ्या प्रेक्षकाच्या हाती अशी वस्तूच नसते.

दरम्यान ग्रंथालयांच्या व अभ्यासकांच्या कपाटांत जुन्या तबकड्या शिल्लक आहेत. नेटफ्लिक्सने टपालाने डीव्हीडी देण्याची सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली आणि प्लेअरही दुर्मीळ होत चालले आहेत. अनेक चित्रपटांच्या विशिष्ट आवृत्त्या, उपशीर्षके व दिग्दर्शकांची भाष्ये केवळ अशा तबकड्यांवरच आढळतात. आपल्या संग्रहातील तबकड्यांची प्रदेशवार व प्रमाणपद्धतीनुसार नोंद करणे आणि सर्व प्रदेशांच्या तबकड्या चालविणारा किमान एक प्लेअर सुस्थितीत राखणे, हे काम महाविद्यालयीन ग्रंथालयांनी विनाविलंब हाती घ्यावयास हवे. सीमारेषा आखणाऱ्यांचे व्यापारी प्रयोजन संपले आहे. तिची खूण वाहणाऱ्या तबकड्या मात्र अजून पाहावयाच्या आहेत.