केसापासून काचतंतूपर्यंत : संमिश्र पदार्थांतील ओलावा मोजण्याची कुळकथा

दोन भिन्न स्वभावांचे घटक एकमेकांत विरघळून न जाता एकत्र नांदतात आणि त्या सहवासातून दोहोंपैकी एकट्यात नसलेले गुण उत्पन्न होतात, अशा पदार्थाला संमिश्र पदार्थ म्हणतात. कार्बनच्या तंतूंना इपॉक्सी राळेने बांधून घडवलेला विमानाचा पंख हे त्याचे आधुनिक उदाहरण, तर लाकूड आणि केस ही निसर्गाने घडवलेली उदाहरणे; लाकडात सेल्युलोजचे तंतू लिग्निनने धरून ठेवलेले असतात आणि केसात केराटिनचे बारीक तंतू प्रथिनांच्या अनियमित रचनेत रुतलेले असतात. अशा पदार्थांतील ओलावा आत बसवलेल्या संवेदकाने मोजण्याचे तंत्र अलीकडचे असले, तरी त्याचे कूळ जुने आहे, आणि त्या कुळात संमिश्र पदार्थ प्रथम येतो तो मोजला जाणारा म्हणून नव्हे, तर मोजणारा म्हणून.

जिनिव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी १७८३ साली आर्द्रतामापनावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात केसाच्या आर्द्रतामापकाचे सविस्तर विवेचन केले. कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत नेल्यास केस सुमारे दोन ते अडीच टक्क्यांनी लांबतो, एवढ्याच गुणावर हे यंत्र चालते. पावसाळ्यात लाकडी दार चौकटीत अडकते त्यामागेही हीच फुगण्याची प्रवृत्ती असते. सोस्यूर यांचे मोठेपण हे की ज्याला लोक दोष मानत आले त्याला त्यांनी काटा जोडला.

लाकडाच्या आतील पाण्याचा प्रश्न मात्र लांबीने सुटणारा नव्हता. अमेरिकी शास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टॅम यांनी १९२७ साली लाकडाचा विद्युतरोध हे त्याच्या ओलाव्याचे माप ठरू शकते, असे दाखवले. पूर्ण वाळलेल्या अवस्थेपासून तंतूंच्या भिंती पाण्याने तृप्त होईपर्यंत, म्हणजे सुमारे तीस टक्के ओलाव्यापर्यंत, हा रोध लक्षावधी पटींनी घटतो. त्यापुढे तो फारसे काही सांगत नाही. तरीही लाकडात टोचायच्या खिळ्यांनी घेतलेले ते मोजमाप तात्पुरते होते. मोजणारा कायम आतच ठेवावा, ही कल्पना ठळकपणे मांडली ती मृदाशास्त्राने : मिशिगनमध्ये बुयुकोस आणि मिक यांनी १९४० साली प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या ठोकळ्यात दोन विद्युतअग्रे बसवून तो ठोकळा शेतात पुरला आणि बाहेर काढलेल्या तारांवरून जमिनीची ओल वाचली.

मानवनिर्मित संमिश्रांना या विद्येची गरज भासली ती १९६०च्या दशकात ब्रिटनमधील फार्नबरो येथे बळकट कार्बन तंतू तयार झाल्यानंतर आणि असे तंतू व इपॉक्सी राळ विमानांत वापरले जाऊ लागल्यानंतर. कार्बन तंतू पाणी शोषत नाही, परंतु राळ शोषते, आणि संपूर्ण पदार्थाच्या वजनात त्यामुळे एक ते दोन टक्क्यांपर्यंत वाढ होऊ शकते. आकडा क्षुल्लक वाटला तरी परिणाम तसा नसतो, कारण पाण्याचे रेणू राळेच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांची पकड सैल करतात आणि ज्या तापमानाला ताठ राळ नरम पडू लागते ते काचसंक्रमण तापमान खाली येते. दमट आणि उष्ण अशा दोन्ही परिस्थिती एकत्र आल्या की दाब सोसण्याची शक्ती घटते. शेन आणि स्प्रिंगर यांनी १९७६ साली या शोषणाचे गणित मांडले. त्याचा पाया शरीरक्रियाशास्त्रज्ञ आडॉल्फ फिक यांनी १८५५ साली सांगितलेल्या विसरणाच्या नियमात आहे, आणि त्यावरून असे निघते की जाडी दुप्पट झाली तर पाणी मुरण्याचा काळ चौपट होतो. म्हणूनच जाड भागाचा पृष्ठभाग तृप्त झाला, तरी गाभा दीर्घकाळ कोरडा राहू शकतो. सोबत ठेवलेल्या नमुन्याचे वजन करून सरासरी कळते, पाणी कोठवर पोचले ते कळत नाही. आत संवेदक बसवण्याचे खरे कारण हेच आहे.

पहिला मार्ग विद्युतधारकतेचा. पाण्याचा परावैद्युत स्थिरांक, म्हणजे विद्युतक्षेत्रात ऊर्जा साठवण्याच्या क्षमतेचे माप, सुमारे ऐंशी असतो, तर इपॉक्सीचा तीन-चारच्या आसपास. त्यामुळे थोडे पाणीही धारकतेत उमटते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील सेन्टुरिया आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी, एकमेकांत गुंतलेल्या दातांच्या विद्युतअग्रांची सूक्ष्म चकती राळेत ठेवून ती कशी घट्ट होते याचा माग घेतला. त्याच रचनेने पुढे ओलावाही मोजता येतो. कार्बन तंतू विद्युतवाहक असल्याने तेथे मात्र संवेदकाला काळजीपूर्वक निरोधक आवरण द्यावे लागते.

दुसरा मार्ग प्रकाशाचा, आणि तो अधिक विलक्षण आहे. ऑटावामध्ये केनेथ हिल आणि सहकाऱ्यांना १९७८ साली असे आढळले की तीव्र प्रकाशाने काचतंतूच्या गाभ्यात अपवर्तनांकाचे नियमित पट्टे कायमचे कोरले जातात. मेल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली ते बाजूने, अतिनील प्रकाशाने, हव्या त्या अंतरावर कोरण्याची रीत दिली. ही ब्रॅग जाली ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश परतवते आणि तंतू ताणला गेला की ती तरंगलांबी सरकते. इपॉक्सी घट्ट करताना द्यावी लागणारी सुमारे १८० अंश सेल्सिअसची उष्णता सोसावी म्हणून अशा तंतूंवर पॉलिइमाइडचे लेपन करतात, आणि हे लेपन ओलाव्याने फुगते. संरक्षणासाठी दिलेल्या लेपनाची ही उणीव लोझानमधील संशोधकांनी २००२ साली आर्द्रतामापनासाठी वापरली : फुगणारे लेपन काचेला ताणते आणि तरंगलांबी आर्द्रतेच्या दर टक्क्याला काही पिकोमीटरने सरकते. सोस्यूर यांच्या केसाचेच तत्त्व येथे काचेवर चढलेले दिसते. तथापि, एक अंश सेल्सिअस उष्णतेनेही ती सुमारे दहा पिकोमीटर सरकते, आणि भोवतालचा संमिश्र पदार्थ स्वतः फुगून तंतू ओढतो तो परिणाम वेगळाच. म्हणून शेजारी दुसरी जाली ठेवून हे परिणाम वजा करावे लागतात. शिवाय काचतंतूचा व्यास साधारण १२५ मायक्रोमीटर आणि कार्बन तंतूचा पाच ते सात, त्यामुळे तो थरांमध्ये परकाच राहतो आणि त्याच्या कडेला निव्वळ राळेचा दुबळा कप्पा तयार होऊ शकतो. संवेदक जेथे तेथे भरू नयेत, जाड आणि तपासणीस अवघड अशा मोजक्या जागीच बसवावेत, हेच त्यामुळे शहाणपणाचे ठरते.

संवेदक जे सांगतो ते त्याच्या जागेपुरते असते आणि पाण्याच्या टक्केवारीत नसते. त्याचा आकडा टक्केवारीत वाचायचा असेल, तर त्याच पदार्थाचा नमुना आधी पूर्ण वाळवून, ठरावीक आर्द्रतेत ठेवून, वजन स्थिरावेपर्यंत पुनःपुन्हा तोलावा लागतो, आणि एएसटीएम डी ५२२९ ही प्रमाणित चाचणीपद्धतीही अशा तोलण्यावरच उभी आहे.